समाधानाची साक्ष

संसारांत घरानंतर सर्वांत मोठी खरेदी म्हणजे मोटारीची, असें आज बहुतेक सुशिक्षित कुटुंबांच्या बाबतींत म्हणतां येईल. घराची किंमत काळाबरोबर बहुधा वाढते, सोनें अडीअडचणीस उपयोगी पडतें. पण मोटार दुकानाच्या दारांतून बाहेर पडली कीं त्याच दिवसापासून तिची किंमत उतरूं लागते, आणि हप्ते मात्र पांच-सात वर्षें चालू राहतात. एवढा पैसा गुंतवावयाचा आणि शिवाय तींतच घरांतील लहानथोर माणसें बसवून हमरस्त्यानें न्यावयाचीं. तेव्हां मनुष्य चार ठिकाणीं चौकशी करतो हें योग्यच आहे. पूर्वीं ही चौकशी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे आणि कचेरींतील मित्रांकडे होत असे. आतां तिच्या जोडीला एक नवें साधन आलें आहे. हजारों गाडीमालकांस प्रश्न विचारून त्यांच्या समाधानाची मोजदाद करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत, त्यांचे निकाल गुणांसह छापून येतात, आणि ज्या कारखान्याचा पहिला क्रमांक लागला तो आपल्या जाहिरातींत ती गोष्ट ठळक अक्षरांत मिरवतो.

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका एकत्र कुटुंबाकडून या सदराकडे आलेला प्रश्न याच विषयींचा आहे. घरांत आजी-आजोबा, दोघे मुलगे, दोघी सुना आणि तीन नातवंडें अशीं नऊ माणसें आहेत. जुनी गाडी बारा वर्षें चालली. आतां नवी घ्यावयाची आहे. विचार दोन गाड्यांवर येऊन थांबला असून, पैकीं एकीच्या कारखान्यास ग्राहकांच्या समाधानांत पहिला क्रमांक मिळाल्याचें जाहिरात सांगते. थोरल्या नातवाचें म्हणणें, "आजोबा, हजारों लोक समाधानी आहेत, मग आपण वेगळी चौकशी कशाला करायची?" आजोबांचें उत्तर, "अरे, ते समाधानी आहेत हें मानलें. पण कशानें समाधानी आहेत, तें विचारलेंस का?" पत्र धाकट्या सूनबाईंनीं लिहिलें आहे, आणि दोघांपैकीं बरोबर कोण असें त्यांनीं विचारलें आहे. आमच्या मतें नातवाचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. परंतु आजोबांचा प्रश्न अगोदर सुटला पाहिजे.

दुसऱ्याच्या सांगण्यावर किती विश्वास ठेवावा, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. न्यायशास्त्रानें ज्ञानाचीं चार साधनें मानलीं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यांतील शब्द म्हणजे दुसऱ्याचें सांगणें. परंतु वाटेल त्याचें नव्हे, तर आप्ताचें. येथें आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्यानें ती वस्तु स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्यास इच्छा आहे, तो आप्त, असा खुलासा वात्स्यायनानें आपल्या भाष्यांत केला आहे. असा सांगणारा ऋषि असो, आर्य असो कीं म्लेंच्छ असो, लक्षण सर्वांस सारखेंच लागू पडतें, असेंही तो म्हणतो. या दोनच कसोट्या आहेत: सांगणाऱ्यास ती गोष्ट ठाऊक आहे काय, आणि ती जशीच्या तशी सांगण्याची त्यास इच्छा आहे काय? समाधानाच्या पाहणीस या कसोट्या लावून पाहिल्या, म्हणजे तिच्यावर कोठवर विसंबावें हें आपोआप कळून येईल.

पहिली कसोटी ज्ञानाची. गाडीच्या मालकास पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात हें उघड आहे. क्लच जड आहे कीं हलका, थंडगार हवा मागच्या आसनापर्यंत पोंचते कीं नाहीं, पावसाळ्यांत दारांतून पाणी झिरपतें काय, दुरुस्तीच्या ठिकाणीं किती वेळ ताटकळत बसावें लागतें, या गोष्टी त्याच्याइतक्या दुसऱ्या कोणास कळणार? परंतु पुष्कळशा पाहण्या गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांतच होतात. त्या काळांत गाडी नवी, रंग नवा, आणि हौसही नवी. ब्रेकचे भाग झिजणें, खालचे सांधे खिळखिळे होणें, मुदत संपल्यानंतरच्या दुरुस्तीचें पहिलें मोठें बिल हातांत पडणें, हें सर्व पुढें तिसऱ्या-चौथ्या वर्षीं व्हावयाचें असतें. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळींतच जांवयास संसाराविषयीं विचारावें, तशांतलाच हा प्रकार.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मोटारीचा एक गुण असा आहे जो मालकास गाडी दहा वर्षें वापरूनही कळत नाहीं. गाडी आदळली तर आंतील माणसें वांचतील काय, हा तो गुण होय. अपघात झाला नाहीं तोंवर प्रत्येकाची गाडी सुरक्षितच असते. आणि ज्यांस या प्रश्नाचें उत्तर अनुभवानें मिळालें, त्यांतील कित्येक तें सांगावयास मागें उरत नाहींत. म्हणून या बाबतींत लाख समाधानी मालकांची साक्ष एकत्र केली तरी ती अज्ञानाचीच बेरीज होते.

हें केवळ तर्काचें बोलणें नव्हे. ३१ जानेवारी २०१४ रोजीं 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्यांच्या आदळचांचणीचे निकाल जाहीर केले. मारुती सुझुकीची अल्टो ८००, टाटांची नॅनो, ह्युंदाईची आय-१०, फोर्डची फिगो आणि फोक्सवॅगनची पोलो या त्या पांच गाड्या होत. एअरबॅगा नसलेले त्यांचे साधे नमुने ताशीं ६४ किलोमीटर वेगानें आडोशावर आदळविण्यांत आले, आणि प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणाबद्दल पांचही गाड्यांस शून्य तारे मिळाले. यांतील अल्टो ही त्या काळीं कित्येक वर्षें देशांत सर्वांत अधिक खपणारी गाडी होती. विक्रीनंतरच्या सेवेविषयीं जे. डी. पॉवर या संस्थेकडून होणाऱ्या समाधान-पाहणींतही मारुतीचा क्रमांक सन २००० पासून सलग दहा वर्षांहून अधिक काळ पहिला लागत आला होता.

वाचकांनीं येथें एक बारकावा ध्यानांत घ्यावा. ती पाहणी खोटी होती असा याचा अर्थ नाहीं. दुरुस्ती वेळेवर होते काय, माणसें अदबीनें बोलतात काय, असें तिनें विचारलें, आणि लोकांनीं त्याचें प्रामाणिक उत्तर दिलें असेल. चूक घडते ती वाचणाऱ्याच्या मनांत. सेवेबद्दलचें समाधान तो गाडीबद्दलचें समाधान समजतो, आणि गाडीबद्दलचें समाधान म्हणजे गाडी चांगली असल्याचा दाखला समजतो. एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नाखालीं लिहिलें, तर बरोबर उत्तरही चुकीचेंच ठरतें.

कारखान्यांचीही याबाबत न्याय्य नोंद केली पाहिजे. पोलोच्या कारखानदारांनीं लागलीच एअरबॅगांशिवायचा नमुना विक्रींतून काढला, आणि दोन एअरबॅगा असलेल्या त्याच गाडीनें चांचणींत चार तारे मिळविले. डिसेंबर २०१८ मध्यें टाटांच्या नेक्सॉननें पांच तारे मिळविले. जानेवारी २०२० मध्यें महिंद्रांच्या एक्सयूव्ही-३०० या गाडीस पांच तारे मिळाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें मारुतीच्या नव्या डिझायरनेंही तितकेच मिळविले. सरकारनें १ जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग सक्तीची केली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपल्या देशाची स्वतःची चांचणी-योजना अमलांत आली. ही सुधारणा समाधानी ग्राहकांच्या पाहणीनें झाली नाहीं. ज्यास गाडीशीं कसलेंच नातें नव्हतें अशा तिऱ्हाइतानें ती भिंतीशीं आदळून मोजमाप घेतलें, तेव्हां ती झाली. ताऱ्यांनींही सर्व कांहीं साधतें असें नाहीं. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सायरस मिस्त्री यांच्या मोटारीस अपघात झाला. पुढचीं दोन माणसें जगलीं, आणि मागच्या आसनावर पट्टा न लावतां बसलेले दोघे दगावले. ती गाडी लौकिकानें वा किंमतीनें कमी प्रतीची नव्हती.

आतां दुसरी कसोटी: सांगणाऱ्याची इच्छा. मालक खोटें सांगेल असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं मनुष्य स्वतःचीच समजूत घालीत असतो. पंधरा लाख रुपये देऊन आणलेली वस्तु चुकीची निघाली हें कबूल करणें जड जातें, म्हणून मन तिचे गुण शोधूं लागतें. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५७ सालीं या प्रवृत्तीचा सिद्धांत मांडला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत मिनीॲपोलिस शहरांतील नुकत्याच मोटारी घेतलेल्या लोकांची पाहणी आहे. हे लोक खरेदी झाल्यावरही आपण घेतलेल्या गाडीच्याच जाहिराती वाचीत. ज्या गाड्यांचा विचार करून त्या सोडून दिल्या, त्यांच्या जाहिराती त्या मानानें कमी वाचीत. खरेदी झाल्यावर जाहिरात कशाला वाचावयाची? अर्थात् केलें तें बरोबरच केलें, असें पुनः पुनः ऐकण्यासाठीं.

आपल्या घरांत तर याच्या जोडीला आणखीही कांहीं असतें. गाडीची पूजा झालेली असते, नारळ फुटलेला असतो, शेजारीं पेढे गेलेले असतात. ज्यानें निवड केली तो घरांतील कर्ता पुरुष. त्याच्या निवडीस नांवें ठेवणें म्हणजे त्यासच नांवें ठेवणें. आजींना आंत चढतांना गुडघा दुमडत नाहीं, वहिनींना मागें बसून घाटांत मळमळतें, पण चारचौघांत तें कोणी बोलत नाहीं. नाशिककरांस त्यांत आणखी एक मोह पडतो तो गांवाभिमानाचा. वर सांगितलेली एक्सयूव्ही-३०० सातपूरच्या कारखान्यांत तयार होत असे. ज्यांच्या घरचे कोणी त्या वसाहतींत नोकरीस आहे, त्यांस तेथील गाडीचा दोष सहजासहजीं दिसणार नाहीं, आणि दिसलाच तरी परक्यापाशीं सांगवणार नाहीं. हा अभिमान गोड आहे. पण साक्ष म्हणून तो वजा करूनच हिशेब मांडला पाहिजे.

समजुतीपुढें भीड येते. गाडी ताब्यांत देतांना विक्रीवरचा तरुण मुलगा हात जोडून सांगतो, "काका, कंपनीचा फोन येईल. कृपा करून दहापैकीं दहा द्या. नऊ दिले तरी आमचे पैसे कापले जातात." मुलगा कष्टाळू असतो, त्यानें दोन-तीन वेळां घरीं खेपा घातलेल्या असतात. आपण म्हणतों, आपलें काय जातें? आणि दहा देऊन मोकळे होतों. हा प्रकार एखाद्या दुकानापुरता नाहीं. मोटार घेतलेल्या कोणासही तो विचारावा. यांत त्या मुलास दोष देण्याचें कारण नाहीं. ज्या मापावर पगार ठरतो तें माप लवकरच वांकतें. ताप पाहण्याच्या नळीवरच वैद्याचें वेतन ठरविलें, तर रोगी बरा होवो न होवो, नळींतला पारा मात्र उतरलेला दिसेल.

या गुणांचा हिशेब कसा होतो, हेंही पुष्कळांस ठाऊक नसतें. डिसेंबर २००३ मध्यें फ्रेड रायकहेल्ड यांनीं 'हार्वर्ड बिझिनेस रिव्ह्यू'मध्यें एक पद्धत मांडली, आणि ती आज अनेक धंद्यांत रूढ आहे. ही वस्तु आपण आपल्या मित्रास घ्यावयास सांगाल काय, एवढें विचारून शून्य ते दहा गुण मागावयाचे. नऊ व दहा देणारे ते पुरस्कर्ते. सात व आठ देणारे ते तटस्थ, म्हणजे हिशेबांत नसल्यासारखेच. आणि सहा वा त्याहून कमी देणारे ते निंदक. पुरस्कर्त्यांच्या शेंकडेवारींतून निंदकांची शेंकडेवारी वजा केली कीं निकाल तयार. ज्या समाजांत शंभरापैकीं साठ गुण म्हणजे पहिला वर्ग, तेथें एखाद्या निवृत्त शिक्षकानें गाडी चांगली आहे असें मनःपूर्वक मानून दहापैकीं सहा दिले, तर तो त्या हिशेबांत निंदक ठरतो! उलट शेजारच्या उदार गृहस्थानें गाडीची डिकी नीट लागत नसतांही दहा दिले, तर तो पुरस्कर्ता. गुण तेच असले तरी देणाऱ्याच्या मनांतलें माप निराळें असतें, आणि छापलेल्या आंकड्यांत हा भेद कोठेंच दिसत नाहीं.

कोणास विचारलें, हाही प्रश्न याच कसोटींत येतो. संख्या मोठी म्हणून साक्ष खरी, असें नातवास वाटतें. त्यानें १९३६ सालची अमेरिकेंतील गोष्ट ऐकावी. 'लिटररी डायजेस्ट' नांवाच्या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें एक कोटि लोकांस मतपत्रिका पाठविल्या. सुमारें तेवीस लाख भरून परत आल्या. एवढ्या ढिगाच्या आधारें साप्ताहिकानें लँडन निवडून येतील असें भाकित केलें. प्रत्यक्षांत अठ्ठेचाळीस संस्थानांपैकीं सेहेचाळिसांत रूझवेल्ट विजयी झाले. पत्ते कोठून घेतले होते? मुख्यतः टेलिफोनच्या यादींतून आणि मोटारींच्या नोंदणीवरून. मंदीच्या त्या काळांत टेलिफोन व मोटार बाळगणारा मनुष्य सामान्य मतदाराचा प्रतिनिधि नव्हता. शिवाय उत्तर पाठविण्याची तसदी घेणारे हे न पाठविणाऱ्यांहून वेगळ्या मताचे होते. जॉर्ज गॅलप यांनीं याच्या मानानें अगदीं थोड्या, पण निवडून घेतलेल्या लोकांस विचारून बरोबर अंदाज बांधला. ढीग मोठा असल्यानें एकांगीपणा नाहींसा होत नाहीं. तो फक्त अधिक भारदस्त दिसतो.

एकत्र कुटुंबाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा एकांगीपणा घरांतच दिसतो. फोन ज्याच्या नांवावर गाडी आहे त्यास येतो. तो बहुधा स्वतः चालवणारा, म्हणजे सर्वांत चांगल्या आसनावर बसणारा. मागें मधल्या जागेवर अंग चोरून बसणारीं मुलें, पाय लांब करतां न येणारे आजोबा, सामान चढविणारी सूनबाई, यांचें मत त्या पाहणींत उतरत नाहीं. तसेंच ज्यांनीं कंटाळून गाडी दुसऱ्याच वर्षीं विकली, ते आतां मालकच नसल्यामुळें पुढच्या पाहणींत त्यांचा शब्द बहुधा येत नाहीं. नांदत्या सुनांसच विचारून सासर कसें तें ठरविलें, तर माहेरीं परत आलेल्यांची गणती राहून जाते.

आतां साक्ष गोळा करणाऱ्याकडे वळूं. जे. डी. पॉवर यांनीं १९६८ सालीं कॅलिफोर्नियांत आपल्या संस्थेचा आरंभ केला. त्यांचा मोठा बोलबाला झाला तो समाधान मोजल्यामुळें नव्हे. त्यांनीं माझदा गाडीच्या मालकांस प्रश्न पाठविले होते, आणि आलेल्या उत्तरांची मांडणी करतांना त्यांच्या पत्नीच्या असें ध्यानांत आलें कीं, ठराविक मैल चालल्यावर बऱ्याच गाड्यांच्या रोटरी इंजिनांतील एक लहानसें रबरी कडें निकामी होत आहे. १९७३ सालीं ही बातमी वर्तमानपत्रांत आली आणि खळबळ उडाली. पाहणीचें खरें सामर्थ्य येथें दिसतें. मालकांनीं अभिप्राय दिला नव्हता, घडलेली हकीकत सांगितली होती. आणि ती हकीकत कारखान्यास नको असलेली होती.

पुढें धंदा वाढला. कारखानदार या पाहण्यांचे अहवाल विकत घेऊं लागले. १९८४ सालीं सुबारू कंपनीनें आपला लागलेला क्रमांक दूरदर्शनच्या जाहिरातींत झळकविला, आणि तेव्हांपासून ती प्रथाच पडली. आज पहिल्या आलेल्या कारखान्यास तो बहुमान जाहिरातींत वापरावयाचा असेल, तर संस्थेस परवान्याचे पैसे द्यावे लागतात. यांत बेकायदा कांहीं नाहीं, आणि एवढ्यावरून निकाल विकत मिळतो असेंही म्हणतां येणार नाहीं. परंतु पाहणी मुळांत कोणासाठीं असते हें यावरून कळतें. ती कारखानदाराच्या उपयोगासाठीं केलेली असते. ग्राहकाच्या हातीं येतो तो तिचा जाहिरातीपुरता तुकडा. हजारपैकीं दिलेल्या गुणांत पहिल्याचें आणि चौथ्याचें अंतर पुष्कळदां इतकें थोडें असतें कीं, घरीं वापरतांना तें कोणाच्या लक्षांतही येणार नाहीं. जाहिरातींत मात्र फक्त 'पहिला' हा शब्द उरतो. त्यांतही वर्गवारी इतकी बारीक असते कीं, बऱ्याच जणांस कोठें ना कोठें पहिलें येतां येतें.

याच्या उलट बाजूचें उदाहरणही आहे. अमेरिकेंतील 'कन्झ्यूमर्स युनियन' ही संस्था १९३६ सालीं निघाली. तिचें मासिक कारखानदारांच्या जाहिराती घेत नाहीं. चांचणीसाठीं लागणाऱ्या मोटारी ती साध्या गिऱ्हाइकाप्रमाणें दुकानांतून विकत घेते. आणि आपल्या सभासदांस विचारते तें मुख्यतः हें कीं, गेल्या बारा महिन्यांत गाडींत कोणता बिघाड झाला. खर्च वाचकांच्या वर्गणींतून चालतो, म्हणून उत्तरही वाचकांसाठींच असतें. आपल्याकडे १९७४ सालीं पुण्यांत बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, तिच्या मुळाशींही हेंच तत्त्व होतें: ग्राहकानें ग्राहकासाठीं केलेली चौकशी.

मग गंगापूर रोडवरील कुटुंबानें काय करावें? आमचें उत्तर असें कीं, पाहणी फेकून देऊं नये, पण तिला योग्य जागीं बसवावें. सेवा कशी मिळते, दुकानदार वागतो कसा, एवढ्यापुरतें समाधानाच्या क्रमांकास थोडें वजन द्यावें. बिघाड मोजणारी पाहणी मिळाली, आणि ती तीन वर्षांच्या गाड्यांची असली, तर तिला अधिक वजन द्यावें. सुरक्षिततेपुरतें मात्र कोणाच्याही समाधानाकडे पाहूं नये. 'भारत एनकॅप' वा 'ग्लोबल एनकॅप' यांचे तारे पाहावे, आणि तेही आपण जो नमुना घेणार त्याचेच आहेत ना, हें तपासावें. प्रौढांचे व मुलांचे तारे वेगळे असतात. घरांत नातवंडें असतील तेथें दुसरा आंकडा विसरूं नये. सदोष गाड्या माघारी बोलाविण्याविषयींचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आहेत. आपल्या निवडीची गाडी तशी बोलावली गेली होती काय, तेंही पाहून घ्यावें.

त्यानंतर स्वतःची लहानशी पाहणी करावी. ओळखींतल्या पांच-सहा जणांकडे, ज्यांच्या गाडीस तीन वर्षें होऊन गेलीं आहेत अशांकडे जावें, आणि "गाडी कशी आहे?" हा प्रश्न चुकूनही विचारूं नये, कारण त्याचें उत्तर "छान आहे" हेंच येतें. विचारावें तें असें: नेहमींच्या सर्व्हिसिंगखेरीज गेल्या वर्षांत गाडी किती वेळां गॅरेजमध्यें गेली? किती दिवस अडकली? प्रथम खर्च किती सांगितला, आणि बिल किती झालें? सुटा भाग मिळावयास किती दिवस लागले? शहरांत एका लिटरला किती किलोमीटर जाते? ज्यांनीं ती गाडी विकली त्यांचाही शोध घेऊन कारण विचारावें. सातपूर-अंबडकडील एखादा जुना मेकॅनिक, जो कोणत्याच कंपनीचा नोकर नाहीं, आणि मुंबईच्या खेपा करणारा एखादा टॅक्सीवाला, यांचें दहा मिनिटांचें बोलणें कित्येक छापील पानांच्या तोडीचें असतें. मात्र दोघांस विचारावें, कारण एकाचेही पूर्वग्रह असूं शकतात.

राहिलें प्रत्यक्ष. गंगापूर रोडच्या सपाट रस्त्यावर विक्रेत्याबरोबर दोन किलोमीटर फिरून गाडी कळत नाहीं. हल्लीं त्याच जातीची गाडी एक दिवस भाड्यानें मिळूं शकते. दोन-तीन हजार रुपये खर्च होतील, पण घरांतील माणसें आळीपाळीनें बसवून सप्तशृंगगडाचा घाट चढून-उतरून यावें. आजींना चढतां येतें काय, मागें बसणाऱ्यांस त्रास होतो काय, भरल्या गाडीनें चढणीवर दम टाकला काय, हें त्या एका दिवसांत उमगेल. ऐकावें जनाचें आणि करावें मनाचें, ही म्हण खरी. पण मन पुढें करण्यापूर्वीं घरांतील सर्वांचें मन घेतलें पाहिजे.

शेवटीं एक गोष्ट सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. आपण सारे पाहण्या वाचणारे आहों, तसेच त्यांचीं उत्तरें देणारेही आहों. भिडेखातर दिलेला आपला प्रत्येक 'दहा' हा कोणा अनोळखी कुटुंबापुढें आपण दिलेली साक्ष असते. तें कुटुंबही असेंच पै-पै जमवून गाडी घेत असेल, त्यांतही एखाद्या आजी असतील, मागच्या आसनावर मुलें असतील. त्या विक्रेत्या मुलाची दया येत असेल, तर त्याच्या वरिष्ठांस त्याच्या कष्टांबद्दल स्वतंत्र पत्र लिहावें. परंतु गाडीचा बिघाड लपवून ती दया दाखवूं नये. गुण द्यावयाचेच झाले तर घडलेल्या गोष्टी आठवून द्यावे, आणि दोष शब्दांत नोंदवून ठेवावा. दोष मोठा असून दाद लागत नसेल तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्र आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार नेतां येते. न्यायालयांत खोटी साक्ष देण्यास जो गृहस्थ कधीं तयार होणार नाहीं, त्यानें टेलिफोनवर तरी ती कां द्यावी? पाहणी विश्वासास पात्र नाहीं, अशी तक्रार करण्याचा अधिकार ज्यानें स्वतः तिला खरें उत्तर दिलें त्यासच आहे.